हॅटन गार्डनची रात्रशाळा

मॅझिनी हे नाव आमच्या कानावर प्रथम पडले ते शाळेत, इतिहासाच्या तासाला आणि वीरपुरुष म्हणून. आमच्या पिढीतील बहुतेक मराठी मुलांना ते असेच भेटले. सावरकरांनी मॅझिनीच्या आत्मचरित्राचा केलेला मराठी अनुवाद १९०७ साली प्रसिद्ध झाला, ब्रिटिश सरकारने तो जप्त केला, आणि जप्तीमुळेच त्या इटालियन माणसाचे नाव महाराष्ट्रात घरोघर पोहोचले. पुढे आम्ही सेमिनरीत गेलो. तेथे ख्रिस्तसभेच्या इतिहासात तेच नाव पुन्हा आले, परंतु या वेळी पोप महोदयांचा वैरी म्हणून. १८४८ च्या नोव्हेंबरात नववे पायस रोम सोडून गाएता येथे आश्रयास गेले. १८४९ साली रोममध्ये जे अल्पायुषी प्रजासत्ताक उभे राहिले, त्याच्या तीन प्रमुखांपैकी मॅझिनी हा एक. प्राध्यापक फादरांनी त्याला दहा मिनिटे दिली आणि ते पुढच्या प्रकरणाकडे वळले. एकाच माणसाची ही दोन चित्रे आमच्या मनात वर्षानुवर्षे शेजारी शेजारी टांगलेली राहिली. त्यांची गाठ घालून द्यावी असे आम्हांला कधी वाटले नाही.

तिसरे चित्र मात्र अवचित हाती लागले, आणि त्यामुळे आमची झोप काही काळ उडाली, हे येथे सांगून टाकतो.

२०२३ च्या जुलैमध्ये, आता लंडनवासी झालेल्या आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी आम्हांला बोलावले होते. मुक्कामात एक रविवार मोकळा मिळाला. यजमान म्हणाले, "फादर, आज क्लार्कनवेलला इटालियन लोकांची कार्मेल मातेची मिरवणूक आहे, येता का?" मिरवणूक म्हटल्यावर वसईचा माणूस नाही कसे म्हणेल! १८८० च्या दशकापासून ही मिरवणूक लंडनच्या त्या जुन्या वस्तीत निघते. पुढे बायबलमधील व्यक्तींचा वेष घेतलेली मुले, मागे संतांच्या मूर्ती, त्यामागे मरियामातेची मूर्ती आणि तिच्यामागे धर्मगुरू. खालच्या रस्त्यावर खाद्यपदार्थांचे ठेले. म्हातारी माणसे इटालियनमध्ये जप करीत होती. पोरे मात्र आपसात इंग्रजीत बोलत होती. यजमानांचे मोठे चिरंजीवही इंग्रजीतच बोलत होते, हे आमच्या ध्यानात आले. आम्ही काही बोललो नाही.

मिरवणूक संपल्यावर गर्दी टाळण्यासाठी आम्ही एका बाजूच्या गल्लीत शिरलो. लेस्टॉल स्ट्रीट तिचे नाव. तेथे एका घराच्या भिंतीवर मॅझिनीच्या नावाची पाटी दिसली. पोपच्या वैऱ्याची पाटी, आणि ती इटालियन चर्चपासून हाकेच्या अंतरावर! चर्चमधील एका वयोवृद्ध गृहस्थांना आम्ही त्याविषयी विचारले. ते हसून म्हणाले, "फादर, या वस्तीतल्या मुलांना पहिली इटालियन शाळा त्यानेच दिली. आपण नाही." त्यांच्या तोंडचे ते 'आपण' आम्हांला फार लागले. परत आल्यावर या विषयावर जे जे मिळाले ते वाचत गेलो. त्यातून उभी राहिलेली हकीकत अशी.

जिनोव्हा शहरात १८०५ साली जन्मलेला मॅझिनी १८३७ च्या जानेवारीत निर्वासित म्हणून लंडनला आला. त्याआधी १८३१ साली मार्सेय येथे त्याने 'तरुण इटली' ही संघटना स्थापन केली होती आणि त्यापायी त्याला देशोदेशी फिरावे लागले होते. लंडनच्या धुक्यात आणि दारिद्र्यात दिवस काढताना रस्त्यावर त्याला इटालियन मुले दिसू लागली. आठ-दहा वर्षांची ती मुले. कोणी गळ्यात बाजाची पेटी अडकवून तिचा दांडा फिरवीत उभा असे, कोणी डोक्यावरच्या फळीवर प्लास्टरच्या मूर्ती मांडून विकत फिरे, तर कोणी पिंजऱ्यात पांढरे उंदीर घेऊन लोकांना खेळ दाखवी. ही मुले बहुतेक पार्मा आणि लुक्का या भागांतील डोंगराळ खेड्यांची. मालक, म्हणजे त्यांच्या भाषेत 'पाद्रोने', खेड्यात जाऊन गरीब आईबापांशी करार करीत आणि पोरांना पायी चालवत युरोप ओलांडून लंडनला आणीत. संध्याकाळी ठरावीक रक्कम आणून द्यायची. ती कमी पडली तर उपास, आणि उपासाबरोबर मार. हिवाळ्यात ही मुले आजारी पडत, तेव्हा त्यांची विचारपूस करणारे कोणी नव्हते. मॅझिनीने त्यांच्याशी बोलून हे सर्व जाणून घेतले. मारहाण करणाऱ्या काही मालकांना त्याने व त्याच्या मित्रांनी न्यायालयात खेचले. पण कोर्टाच्या भीतीने मार थोडा कमी झाला तरी पोराचे आयुष्य बदलत नाही, हे त्याच्या लक्षात आले असावे.

१० नोव्हेंबर १८४१ रोजी हॅटन गार्डनच्या भागात, ग्रेव्हिल स्ट्रीटवर त्याने एक शाळा उघडली. ती मोफत होती आणि रात्रीची होती. रात्रीचीच असणे भाग होते, कारण दिवसा पोरांना मालकाचे पैसे मिळवायचे असत. रात्री नऊच्या सुमारास वर्ग भरे, आणि काही मुले बाजाची पेटी पाठीवर घेऊनच येत, कारण ती ठेवायला दुसरी जागा नव्हती. वाचन, लेखन, अंकगणित, थोडा भूगोल, आणि इटालियन भाषा. रविवारी व्याख्यान होई. त्यात इटलीचा इतिहास, थोर माणसांची चरित्रे, कधी आकाशातील ग्रहताऱ्यांची माहिती. शिकवणारे बहुतेक सारे निर्वासित होते आणि वेतन कोणीच घेत नव्हता. शाळेची धुरा फिलिप्पो पिस्त्रुच्ची या चित्रकार-कवीकडे होती. ब्रिटिश सोन्याच्या सॉव्हरिनवर घोड्यावर बसून अजगराला मारणारे संत जॉर्ज ज्याने कोरले, त्या बेनेदेत्तो पिस्त्रुच्चीचा हा भाऊ. एका भावाचे काम श्रीमंतांच्या तिजोरीत पोहोचले, दुसऱ्याचे रस्त्यावरच्या पोरांत. नेपल्समधून परागंदा होऊन किंग्ज कॉलेजात इटालियनचे प्राध्यापक झालेले गाब्रिएले रोस्सेत्ती हेही शाळेच्या पाठीराख्यांत होते. नाताळात आमच्या गायकवृंदाची मुले हिवाळ्याचे जे एक इंग्रजी गीत फार आवडीने गातात, त्याची कवयित्री क्रिस्टिना ही यांचीच कन्या.

इंग्रज मित्रही कमी नव्हते. चार्ल्स डिकन्सने शाळेला पाठिंबा दिला. मुलांच्या हालांची कथा त्याच्याइतकी कोणाला कळणार! टॉमस कार्लाइलचे आणि मॅझिनीचे विचार जुळत नसत, तरी ब्रिटिश सरकार मॅझिनीची पत्रे चोरून उघडून वाचते हे १८४४ साली उघडकीस आले, तेव्हा त्याच्या चारित्र्याची ग्वाही देणारे पत्र कार्लाइलने 'टाइम्स'मध्ये प्रसिद्ध केले. दर १० नोव्हेंबरला शाळेचा वाढदिवस होई. त्या रात्री मुलांना पोटभर जेवण मिळे आणि भाषणे होत. १८४६ च्या वाढदिवसाला अमेरिकन लेखिका मार्गारेट फुलर हजर होती, आणि तीही मुलांपुढे बोलली. शाळा १८६० पर्यंत चालली. त्याच वर्षी मॅझिनीचे 'मानवाची कर्तव्ये' हे पुस्तक पूर्ण होऊन प्रसिद्ध झाले. त्यातील पहिली प्रकरणे मात्र शाळा उघडली त्याच सुमारास, लंडनमधून तो काढीत असलेल्या कामगारांच्या पत्रात छापून आली होती. म्हणजे ज्या हाताने रात्री पोरांच्या पाट्या तपासल्या, त्याच हाताने ते पुस्तक लिहिले गेले.

शाळेत शिकवली जाणारी 'इटालियन' ही त्या मुलांची मातृभाषा नव्हती, ही गोष्ट आम्हांला प्रथम कळली तेव्हा आश्चर्य वाटले. पार्म्याच्या डोंगरातला मुलगा आपली बोली बोले, लुक्क्याचा आपली, आणि दोघांना एकमेकांचे बोलणे धड कळत नसे. इटली नावाचे राष्ट्रच तेव्हा नव्हते. तुल्लिओ दे माउरो या भाषाशास्त्रज्ञाने १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असा अंदाज केला की १८६१ साली इटली एक झाली तेव्हा इटालियन भाषा बोलता येणारे लोक शंभरात जेमतेम अडीच होते. बाकीचे आपापल्या बोलीत जगत होते. म्हणजे हॅटन गार्डनच्या खोलीत परक्या देशी, मेणबत्तीच्या उजेडात, ती पोरे अशी एक भाषा शिकत होती की जी त्यांच्या गावीही कोणी बोलत नव्हते. तरीही ती त्यांची होती. त्या भाषेमुळे पार्म्याचा मुलगा आणि लुक्क्याचा मुलगा एका बाकावर बसू शकले, आणि आईबापांना स्वतःच्या हाताने पत्र लिहू शकले. मालकाने करारात काय लिहिले आहे, हेही आता त्यांना वाचता येणार होते. मालक लोक शाळेवर का खवळले, हे वेगळे सांगायला नको.

मालकांबरोबर आणखी कोण खवळले, हे सांगणे आम्हांला जड जाते. लंडनमधले इटालियन लोक त्या काळी लिंकन्स इन फील्ड्स येथील सार्डिनियाच्या राजवकिलातीच्या चॅपेलमध्ये मिस्साला जात. त्या चॅपेलमधून शाळेविरुद्ध प्रवचने झाली. मुलांनी तेथे जाऊ नये असे बजावले गेले. पुढे धर्मगुरूंच्या पुढाकाराने एक प्रतिस्पर्धी शाळाही निघाली. आमच्याच पेशाच्या त्या माणसांची बाजू आम्ही समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे. मॅझिनी हा राजद्रोही, त्याचे गुप्त मंडळ, त्याचा कट. 'परमेश्वर आणि जनता' असे त्याचे ब्रीद असले तरी त्या परमेश्वरापाशी जाण्याच्या वाटेवर धर्मगुरूला जागा नव्हती. अशा माणसाच्या हाती कोवळी पोरे द्यावीत काय? मेंढपाळाने लांडग्याचा संशय घ्यावा, हे त्याचे कामच आहे. या युक्तिवादात आम्हांला काही खोट दिसत नाही. दिसते ती एवढीच की ती पोरे मॅझिनी येण्यापूर्वीही रस्त्यावर होती. त्यांच्या पाठीवरची पेटी आणि पाठीवरचे वळ चॅपेलच्या दारातून दिसत होते. शाळा निघाली १८४१ साली, आणि आम्हांला शाळेची आठवण झाली ती त्यानंतर.

येथे आमची स्वतःची गोष्ट सांगणे क्रमप्राप्त आहे.

लंडनच्या प्रवासाआधी एक वर्ष, म्हणजे २०२२ च्या जूनमध्ये, आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षक कार्यालयात आले. जिल्हा परिषदेच्या शाळांत त्यांनी जन्म घालवला. गावात सगळे त्यांना मास्तर म्हणतात. फार पूर्वी एका धर्मगुरूंशी हिशेबावरून त्यांचा खटका उडाला होता. तेव्हापासून ते मिस्साला येत नाहीत, आणि सभेत उभे राहून कडवट प्रश्न विचारण्याची त्यांना सवय आहे. ते म्हणाले, "फादर, आपली मुले सगळी इंग्रजी माध्यमात जातात. घरी आपली बोली बोलतात, शाळेत इंग्रजी. छापील मराठी त्यांना येत नाही. आठवड्यातून दोन दिवस, मंगळवारी आणि शुक्रवारी, सात ते साडेआठ, सभागृह मिळाले तर मी शिकवीन. पैसे नकोत."

आम्ही विचारले, "मास्तर, तुम्ही रविवारी मिस्साला येता का?"

ते म्हणाले, "मी बाराखडी शिकवणार आहे, धर्मशिक्षण नाही."

धर्मग्राम मंडळापुढे विषय मांडतो, असे आम्ही सांगितले. विषय मांडला नाही. त्याच महिन्यात सभागृह एका नृत्यवर्गाला भाड्याने दिले, आणि त्या वर्गाच्या बाई कोणत्या धर्माच्या होत्या, कोणत्या रविवारी कोठे जात होत्या, हे विचारायचे आम्हांला सुचलेही नाही. मास्तर पुन्हा आले नाहीत. त्यांनी आपल्या घराच्या ओटीवर एक फळा टेकवला आणि पाच-सहा पोरांना घेऊन वर्ग सुरू केला. आम्ही संध्याकाळी त्या रस्त्याने दुचाकीवरून जात असू, तेव्हा ओटीवरचा दिवा आणि मुलांचा आवाज येई. आम्ही वेग कमी करीत नसू.

हे लिहिताना आमच्या धर्मग्रामातील मिस्सा आठवते. तरुण मंडळी वाचन करण्यास उत्साहाने पुढे येतात, पण त्यांच्या हातातील कागदावर मराठी मजकूर रोमन अक्षरांत उतरवलेला असतो. 'प्रेषित', 'कृपा', 'पुनरुत्थान' हे शब्द आले की जीभ अडते. व्हॅटिकन परिषदेने लॅटिनच्या जागी लोकभाषा आणली, आणि आमच्याकडे ती लोकभाषा मराठी झाली. आमच्या ज्येष्ठ धर्मगुरूंनी त्यासाठी केवढे कष्ट घेतले! फादर स्टीफन्ससारखा एक इंग्रज १६१६ साली आपल्या भाषेत ख्रिस्तपुराण छापून गेला, हे आम्ही दर वर्षी व्यासपीठावरून सांगतो. ते पुराण वाचू शकतील अशी मुले मात्र एका ओटीवर बसली होती, आणि ती ओटी आमची नव्हती.

लंडनकडे वळू. चॅपेलच्या धर्मगुरूंनी केलेली चूक ख्रिस्तसभेने तशीच ठेवली नाही, हेही खरे आहे. रोमचे धर्मगुरू विन्सेंट पाल्लोत्ती (पुढे १९६३ साली त्यांना संतपद मिळाले) यांनी १८४० च्या दशकात आपले सहकारी लंडनच्या इटालियनांसाठी धाडले. त्यांच्या खटपटीतून क्लार्कनवेलमध्ये १८६३ साली संत पीटरचे इटालियन चर्च उभे राहिले. रोममधील सान क्रिसोगोनो बॅसिलिकेच्या धर्तीवर ते बांधलेले आहे. पाल्लोत्ती स्वतः १८५० सालीच वारले, त्यांना ते पाहता आले नाही. चर्चच्या आश्रयाने पुढे इटालियन मुलांची शाळा चालली. याच शतकाच्या अखेरीस पिआचेंझाचे बिशप जोव्हान्नी बात्तिस्ता स्कालाब्रिनी यांनी १८८७ साली स्थलांतरितांसाठी धर्मगुरूंचा संघ स्थापन केला आणि मदर काब्रिनी १८८९ साली न्यूयॉर्कला उतरून तेथील इटालियन मुलांसाठी शाळा काढू लागल्या. परदेशी गेलेला माणूस भाषा विसरला की हळूहळू प्रार्थनाही विसरतो, अशी स्कालाब्रिनींची धारणा होती. २०२२ साली त्यांना संत घोषित करण्यात आले, त्याच वर्षी आम्ही मास्तरांना परत पाठवले होते.

पण भाषेच्या शाळेवर डोळा ठेवणारे केवळ आपणच नव्हतो. १९२० आणि १९३० च्या दशकांत मुसोलिनीच्या पक्षाने परदेशातील इटालियन वस्त्यांत आपल्या शाखा काढल्या आणि मुलांचे भाषावर्ग आपल्या हाती घेतले. सुट्टीत मुलांना इटलीच्या समुद्रकिनारी शिबिरांना फुकट नेत. गरीब कामगाराच्या मुलाला समुद्र आणि आजीचे गाव फुकट मिळत असेल तर कोण नाही म्हणेल? बऱ्याच आईबापांना त्यात राजकारण दिसले नाही, केवळ भाषा दिसली. १० जून १९४० रोजी इटलीने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले आणि त्या रात्रीपासून धरपकड सुरू झाली. लंडनमध्ये तीस-तीस वर्षे खानावळी आणि आइस्क्रीमची दुकाने चालवणारे लोक शत्रू ठरले. त्यांच्यापैकी अनेकांना 'अरँडोरा स्टार' या जहाजातून कॅनडाला नेण्यात येत होते. २ जुलै १९४० रोजी आयर्लंडच्या वायव्येस जर्मन पाणबुडीने ते बुडवले. आठशेहून अधिक माणसे गेली, त्यांत इटालियन चारशेहून अधिक. संत पीटर चर्चच्या दर्शनी भागात त्यांचे स्मारक आहे. आम्ही तेथे उभे राहून एक 'नमो मरिया' म्हटले. त्या काळात किती आयांनी आपल्या मुलांना रस्त्यावर इटालियन बोलू नका म्हणून दटावले असेल, त्याची नोंद कोठे नसते.

युद्धानंतर गोष्ट पुन्हा नव्याने सुरू झाली, पण लंडनबाहेर. लंडनच्या उत्तरेस बेडफर्ड नावाचे गाव आहे, त्याच्या आसपास मोठमोठ्या वीटभट्ट्या होत्या. बाँबने पडलेली घरे बांधायला विटा हव्या होत्या आणि भट्टीवर काम करायला इंग्रज तयार नव्हते. १९५१ पासून भट्टीवाल्या कंपन्यांनी दक्षिण इटलीतून मजूर आणले. कांपानियातील मोन्तेफाल्चोने, मोलिसेतील बुस्सो, सिसिलीतील सान्तांजेलो मुशारो, अशा खेड्यांतली माणसे रांगेने बेडफर्डला आली. १९६५ साली स्कालाब्रिनींच्या धर्मगुरूंच्या देखरेखीखाली तेथे संत फ्रान्सेस काब्रिनीचे इटालियन चर्च उघडले. इटली सरकारने १९७१ च्या १५३ क्रमांकाच्या कायद्यान्वये परदेशी असलेल्या आपल्या मजुरांच्या मुलांना इटालियन शिकवण्यासाठी पैसा देण्यास प्रारंभ केला. मग शनिवारी, संध्याकाळी, कोठे शाळेच्या वर्गात तर कोठे चर्चच्या सभागृहात वर्ग भरू लागले. १९७६ ते १९८० या काळात युरोपीय समुदायाच्या मदतीने बेडफर्डच्या प्राथमिक शाळांत मातृभाषा शिकवण्याचा एक प्रयोग झाला. त्यात दोन भाषा निवडल्या होत्या. एक इटालियन आणि दुसरी पंजाबी! वीटभट्टीने दोघांनाही एकाच गावात आणून सोडले होते.

बेडफर्डच्या या इटालियनांचा अभ्यास आर्तुरो तोसी या विद्वानाने करून १९८४ साली ग्रंथरूपाने मांडला. त्यात शंभर वर्षांपूर्वीची हॅटन गार्डनची गोष्ट पुन्हा भेटते. घरी मुले दक्षिणेकडील आपापली बोली बोलत. वर्गात 'तुमची मातृभाषा' म्हणून जी पुढे ठेवली जाई ती पुस्तकी इटालियन असे, आणि ती त्यांना जवळजवळ नवीच होती. आई जे बोलते ते चूक, असा अर्थ मुलाने त्यातून काढला तर नवल नाही. आमच्या कादोडी, वाडवळी वा कोळी बोली बोलणाऱ्या घरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. लहानपणी 'शुद्ध बोल' म्हणून आम्हीही मार खाल्ला आहे. चांगला शिक्षक असेल तर तो आईच्या शब्दाला चूक म्हणत नाही, त्याच्या शेजारी दुसरा शब्द ठेवतो. मास्तर असेच करीत, हे आम्हांला नंतर कळले. फळ्यावर एका बाजूला घरचा शब्द, दुसऱ्या बाजूला पुस्तकातला.

नंतर म्हणजे केव्हा, तेही सांगतो. लंडनहून परतल्यावर दोन-तीन आठवडे आम्ही चालढकल केली. मग ऑगस्टच्या एका शुक्रवारी सायंकाळी दुचाकी त्यांच्या ओटीपुढे थांबवली. आठ मुले होती. मुले उठून उभी राहिली आणि 'जय येसू फादर' म्हणाली. मास्तर उठले नाहीत. त्यांनी एका मुलीला धडा पुढे वाचायला सांगितले. आम्ही पायरीवर बसून ऐकले. तिला 'ज्ञानेश्वर' अडला नाही.

वर्ग सुटल्यावर आम्ही म्हणालो, "मास्तर, मागे तुम्ही सभागृह मागितले होते. मी ते मंडळापुढे मांडलेच नाही. माझे चुकले. सभागृह रिकामे आहे."

ते बराच वेळ फळा पुसत राहिले. मग म्हणाले, "फादर, मुलांना आता ओटीची सवय झाली आहे. बाक देता आले तर द्या. जमिनीवर बसून पोरांची अक्षरे वाकडी येतात."

दुसऱ्या दिवशी चार बाक टेम्पोतून पाठवले. मंडळातील एका सदस्याने धर्मग्रामाची मालमत्ता खाजगी घरी कशी, असा प्रश्न उपस्थित केला. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर आम्ही इतिवृत्तात लिहून घेतले, की बाक उसने दिले आहेत आणि देण्यास प्रमुख धर्मगुरू जबाबदार आहेत.

२०२४ च्या जूनमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात मास्तरांची ओटी गळू लागली. मंगळवारी साडेसहाला ते छत्री मिटत कार्यालयात आले आणि दारातूनच म्हणाले, "किल्ली." आम्ही दिली. तेव्हापासून पावसाळ्यात वर्ग सभागृहात आणि इतर वेळी ओटीवर, असे चालले आहे. मुले आता चौदा आहेत. त्यांत दोघे आमच्या धर्मग्रामाबाहेरची, एका हिंदू शेजाऱ्याची. बाकीच्या बारांपैकी किती जण रविवारी मिस्साला येतात हे आम्ही मोजलेले नाही. मास्तर अजून येत नाहीत.